विश्लेषण : अ‍ॅड्रेनलिन पेशीच्या दाराशीच थांबते, मग निरोप आत कसा पोहोचतो? अर्ल सदरलँड यांनी उलगडलेले कोडे

अंधाऱ्या गल्लीत कुत्रा अचानक अंगावर धावून आला, की छाती धडधडू लागते आणि पायांत कुठून तरी बळ येते. या बळात यकृताचाही वाटा असतो. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनलिन सोडतात आणि थोड्याच वेळात यकृत आपल्या साठ्यातली साखर रक्तात सोडू लागते. मात्र यासाठी अ‍ॅड्रेनलिनला यकृताच्या पेशीत शिरावे लागत नाही. ते पेशीच्या पृष्ठभागावरच थांबते. मग आत काय करायचे, हे पेशीला कळते कसे? या प्रश्नाचे पहिले ठोस उत्तर अमेरिकी शास्त्रज्ञ अर्ल सदरलँड यांनी दिले आणि त्यासाठी १९७१चे वैद्यकशास्त्राचे नोबेल त्यांना एकट्याला मिळाले. त्या उत्तरातला एक महत्त्वाचा दुवा मात्र राहून गेला होता. तो सापडला तेव्हा सदरलँड हयात नव्हते.

कोण होते अर्ल सदरलँड?

अर्ल विल्बर सदरलँड यांचा जन्म १९ नोव्हेंबर १९१५ रोजी अमेरिकेतील कॅन्सस राज्यात बर्लिंगेम या छोट्या गावी झाला. सहा भावंडांत ते पाचवे. वडिलांनी दोन वर्षे कॉलेज केले, काही काळ शेती केली आणि मग बर्लिंगेममध्ये कापड व किरकोळ सामानाचे दुकान टाकले. आईने परिचारिकेचे प्रशिक्षण घेतले होते. मासेमारी, शिकार आणि मैदानी खेळ यांत त्यांचे बालपण गेले. मासेमारीची आवड तर आयुष्यभर टिकली.

१९३३मध्ये ते टोपेका येथील वॉशबर्न कॉलेजात दाखल झाले. तो महामंदीचा काळ होता. शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी त्यांनी रुग्णालयात मदतनीसाचे काम केले. १९३७मध्ये पदवी मिळाली आणि सेंट लुईस शहरातील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश झाला. डॉक्टर होऊन रुग्ण तपासायचे, एवढाच तोवर बेत होता. तो बदलला कार्ल कोरी या प्राध्यापकांमुळे.

कोरी दाम्पत्याच्या प्रयोगशाळेत काय चालले होते?

कार्ल आणि गर्टी कोरी हे पती-पत्नी साखरेच्या साठवणीवर संशोधन करत होते. जेवणानंतर रक्तातली जादा साखर यकृत आणि स्नायू ग्लायकोजेनच्या रूपात साठवतात. ग्लायकोजेन म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांबलचक, फांद्या फुटलेली माळ. गरज पडली की या माळेचा एकेक मणी सुटा होतो. हे कसे घडते, हे कोरींनी शोधले आणि १९४७मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्यांच्या प्रयोगशाळेत वेगवेगळ्या काळात काम केलेल्या सहा जणांना पुढे नोबेल मिळाले. सदरलँड त्यांपैकीच एक.

विद्यार्थी असतानाच ते कोरींच्या हाताखाली काम करू लागले. १९४२मध्ये वैद्यकीय पदवी मिळाली, पण तोवर दुसऱ्या महायुद्धात अमेरिका उतरली होती. सदरलँड लष्करात डॉक्टर म्हणून भरती झाले. युरोपात जनरल पॅटन यांच्या सैन्यात त्यांनी एका बटालियनचे सर्जन म्हणून काम केले आणि नंतर लष्करी रुग्णालयात सेवा बजावली. १९४५मध्ये परतल्यावर त्यांच्यासमोर दोन वाटा होत्या, दवाखाना किंवा प्रयोगशाळा. त्यांनी दुसरी निवडली आणि ते पुन्हा कोरींकडे गेले.

त्या काळी प्रश्न नेमका काय होता?

संप्रेरके, म्हणजेच हार्मोन, शरीरात काय घडवून आणतात हे तोवर बरेचसे ठाऊक झाले होते. अ‍ॅड्रेनलिन टोचले की रक्तातली साखर वाढते, इन्शुलिन टोचले की ती उतरते. पण हे संप्रेरक पेशीला नेमके काय करते, हे कुणालाच सांगता येत नव्हते.

औषधे आणि संप्रेरके पेशीवरच्या एखाद्या खास जागी चिकटत असावीत, अशी कल्पना ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन लँगली यांनी १९०५मध्ये मांडली होती. यालाच पुढे रिसेप्टर किंवा ग्राही म्हटले जाऊ लागले. १९४८मध्ये अमेरिकेच्या रेमंड आल्क्विस्ट यांनी अ‍ॅड्रेनलिनचे अल्फा आणि बीटा असे दोन प्रकारचे ग्राही असले पाहिजेत, असा निष्कर्ष काढला. पण ग्राही हा तेव्हा निव्वळ तर्क होता. तो कुणी वेगळा काढलेला नव्हता आणि चिकटल्यानंतर पुढे काय होते, याचा पत्ता नव्हता.

शिवाय, संप्रेरकाचा परिणाम केवळ अखंड, जिवंत पेशीतच दिसतो, अशी समजूत रूढ होती. पेशी फोडली की परिणाम नाहीसा होतो, म्हणून परीक्षानळीत त्याचा अभ्यास होऊच शकत नाही, असे मानले जाई. ही समजूत खरी असती, तर संप्रेरकाच्या कामाचे कोडे रसायनशास्त्राच्या आवाक्याबाहेरच राहिले असते.

सदरलँड यांनी सुरुवात कुठून केली?

त्यांनी प्रश्न लहान करून घेतला. संप्रेरक सगळ्या शरीरात काय करते, हा विचार बाजूला ठेवून त्यांनी एक अवयव, एक क्रिया आणि एकच पायरी निवडली. ग्लायकोजेनपासून ग्लुकोज होताना यकृतात तीन विकरे, म्हणजे एन्झाइम, एकामागून एक काम करतात. यांपैकी सर्वांत संथ कोणते? कारण साखळीचा वेग सर्वांत संथ कडीवर ठरतो आणि संप्रेरक बहुधा तिथेच हात घालत असणार. यकृताच्या पातळ चकत्यांवर प्रयोग करून त्यांनी दाखवले की ती कडी फॉस्फोरिलेज या विकराची आहे. चकत्यांवर अ‍ॅड्रेनलिन घातले की हे विकर जोमाने काम करू लागते. स्वादुपिंडातून येणारे ग्लुकागॉन हे संप्रेरकही तेच करते, असे दिसले. ग्लुकागॉनच्या उगमावर त्यांनी १९४८मध्ये क्रिस्टियन द डूव्ह यांच्यासह संशोधनही केले होते.

१९५३मध्ये सदरलँड क्लीव्हलँडच्या वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात औषधशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. तिथे त्यांना थिओडोर राल हे सहकारी भेटले. फॉस्फोरिलेज निष्क्रिय होताना त्यातून फॉस्फेट सुटते, हे सदरलँड यांच्या गटाने दाखवले. म्हणजे विकर सुरू करणे म्हणजे त्याला फॉस्फेट जोडणे आणि बंद करणे म्हणजे ते काढून घेणे. सिएटलमध्ये एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज स्नायूंतील फॉस्फोरिलेजबाबत याच निष्कर्षाला पोहोचले होते. त्यांना त्यासाठी १९९२मध्ये नोबेल मिळाले.

पेशी फोडण्याचा प्रयोग निर्णायक का ठरला?

आता रूढ समजुतीलाच हात घालायचा होता. सदरलँड, राल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यकृताच्या पेशी फोडून त्यांचा लगदा केला. त्यात पेशीचे इंधन असलेले एटीपी आणि मॅग्नेशियम घातले, मग अ‍ॅड्रेनलिन किंवा ग्लुकागॉन. फॉस्फोरिलेज सक्रिय झाले. अखंड पेशी नसतानाही संप्रेरकाने काम केले होते.

पुढची पायरी अधिक महत्त्वाची होती. लगदा यंत्रात वेगाने फिरवला की पेशीच्या आवरणांचे जड तुकडे तळाशी बसतात आणि वर पातळ द्रव उरतो. फॉस्फोरिलेज या द्रवात असते. पण केवळ द्रवावर संप्रेरक घातले तर काहीच होईना. तळाचा गाळ परत मिसळला की परिणाम पुन्हा दिसे. म्हणजे संप्रेरकाला प्रतिसाद देणारी गोष्ट गाळात होती आणि काम करणारे विकर द्रवात.

मग त्यांनी दोन्ही पायऱ्या वेगळ्या केल्या. आधी फक्त गाळ, एटीपी आणि संप्रेरक एकत्र ठेवले. ते मिश्रण उकळले. उकळल्याने प्रथिने निकामी होतात. उरलेला अर्क द्रवात घातला आणि फॉस्फोरिलेज सक्रिय झाले. याचा अर्थ स्पष्ट होता. संप्रेरकाच्या सांगण्यावरून गाळात एक नवा पदार्थ तयार झाला होता. तो उकळूनही टिकत होता, त्यामुळे तो प्रथिन नव्हता आणि पुढचा निरोप तोच पोहोचवत होता. १९५७मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले.

तो पदार्थ कोणता, हे कसे कळले?

पदार्थ हाती आला, पण अत्यल्प प्रमाणात. त्याची रचना शोधण्यासाठी मदत हवी होती. वॉशिंग्टनजवळच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत लिऑन हेपेल हे अशा रेणूंचे जाणकार होते. सदरलँड यांनी त्यांना पत्र लिहून आपल्या पदार्थाची माहिती कळवली. त्याच सुमारास हेपेल यांना आणखी एक पत्र आले होते. ते डेव्हिड लिपकिन या रसायनशास्त्रज्ञाचे. त्यांनी एटीपीवर बेरियम हायड्रॉक्साइडची प्रक्रिया करताना एक अनोळखी पदार्थ मिळवला होता. दोन्ही पत्रांतला पदार्थ एकच असावा, हे हेपेल यांच्या लक्षात आले आणि त्यांनी दोघांची गाठ घालून दिली. लिपकिन काम करत होते सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात, म्हणजे सदरलँड जे सोडून आले होते त्याच ठिकाणी.

हा पदार्थ म्हणजे सायक्लिक एएमपी. एटीपीला तीन फॉस्फेट असतात. त्यांपैकी दोन गळून पडतात आणि उरलेले एक वळून त्याच रेणूला दुसरीकडे जोडले जाते. त्यातून कडे तयार होते, म्हणून नाव सायक्लिक, म्हणजे चक्रीय. हे कडे तयार करणाऱ्या विकराला आज अ‍ॅडेनिलिल सायक्लेज म्हणतात. कडे तोडून निरोप थांबवणारे दुसरे विकर म्हणजे फॉस्फोडायएस्टरेज. कॅफीनसारखे पदार्थ हे दुसरे विकर रोखतात, हेही सदरलँड यांच्या प्रयोगांत दिसले. दम्यासाठी पूर्वीपासून वापरात असलेले थिओफिलिन त्याच कुळातले आहे.

‘दुसरा निरोप्या’ ही कल्पना काय होती?

सदरलँड यांनी मांडलेले चित्र असे होते. संप्रेरक हा पहिला निरोप्या. तो रक्तातून येतो आणि पेशीच्या आवरणाशी थांबतो. तिथे सायक्लेज कामाला लागते आणि आतल्या बाजूला सायक्लिक एएमपी तयार होते. हा दुसरा निरोप्या. तो पेशीत पसरतो आणि विकरांना कामाला लावतो.

सायक्लेज आवरणातच असते, हे सिद्ध करायला त्यांच्या गटाने कबुतराच्या लाल रक्तपेशी वापरल्या. आवरणाचे तुकडे इतर भागांपासून काळजीपूर्वक वेगळे केल्यावर सायक्लेज आवरणातच सापडले. १९६३मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी सदरलँड नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात गेले. तिथे अध्यापनाचे ओझे नव्हते आणि सारा वेळ संशोधनाला देता येत होता.

या कल्पनेवर शंका का घेतल्या गेल्या?

आक्षेप साधा आणि बिनतोड वाटणारा होता. अ‍ॅड्रेनलिन, ग्लुकागॉन आणि इतर अनेक संप्रेरके सायक्लिक एएमपी वाढवतात, असे एकामागून एक दिसू लागले. पण त्यांची कामे निरनिराळी आहेत. एकच पदार्थ यकृतात साखर सोडायला, हृदयाचे ठोके वाढवायला आणि चरबी विरघळवायला कसा लावेल? सगळ्यांचा निरोप एकच असेल, तर गोंधळ कसा होत नाही?

सदरलँड यांचे उत्तर असे होते की वेगळेपण निरोपात नसून पेशीत आहे. कोणत्या संप्रेरकाचा ग्राही पेशीवर आहे, यावर तिला कोणाचा निरोप लागू होईल हे ठरते. पेशीच्या आत कोणती विकरे आहेत, यावर ती काय करेल हे ठरते. शाळेची घंटा एकच असते. पहिल्या तासाआधी ती वाजली की मुले वर्गात जातात आणि शेवटच्या तासानंतर वाजली की घरी. घंटेचा आवाज मात्र बदलत नाही.

केवळ युक्तिवादावर ते थांबले नाहीत. एखाद्या संप्रेरकाचे काम सायक्लिक एएमपीमार्फतच चालते, असे म्हणायचे तर चार गोष्टी सिद्ध व्हायला हव्यात, असा दंडक त्यांनी घातला. फोडलेल्या पेशीत त्या संप्रेरकाने सायक्लेज चेतवले पाहिजे. अखंड पेशीत सायक्लिक एएमपी वाढले पाहिजे. ते तोडणारे विकर रोखले की संप्रेरकाचा परिणाम वाढला पाहिजे. आणि संप्रेरकाऐवजी सायक्लिक एएमपी दिले तरी तोच परिणाम दिसला पाहिजे. पुढे १९६५मध्ये त्यांच्या गटाला ई. कोलाय या जिवाणूतही सायक्लिक एएमपी आढळले. ग्लुकोज संपले की जिवाणूत त्याचे प्रमाण वाढत होते. ज्याला संप्रेरके नाहीत अशा जिवाणूतही ही व्यवस्था होती, म्हणजे ती फार पुरातन असली पाहिजे.

१९६८मध्ये क्रेब्ज यांच्या गटाने सायक्लिक एएमपीने चेतणारे आणि इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडणारे विकर शोधले. दुसऱ्या निरोप्याकडून पुढे कोण काम घेते, हेही त्यामुळे कळले. शंका मागे पडू लागल्या. १९७०मध्ये सदरलँड यांना लास्कर पुरस्कार आणि १९७१मध्ये नोबेल मिळाले.

मग राहून गेलेला दुवा कोणता?

संप्रेरक चिकटते तो ग्राही आणि सायक्लिक एएमपी बनवणारे सायक्लेज यांचा परस्परांशी संबंध काय, हा प्रश्न उरला होता. सदरलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७मध्ये मांडलेल्या प्रारूपात हे दोन्ही एकाच यंत्रणेचे दोन भाग होते. बाहेरचा भाग संप्रेरक ओळखणार, आतला भाग सायक्लिक एएमपी बनवणार. उपलब्ध पुराव्यावरून हा अंदाज वाजवी होता.

मात्र मार्टिन रॉडबेल यांना राष्ट्रीय आरोग्य संस्थेत काही वेगळेच दिसत होते. चरबीच्या पेशीवर अनेक संप्रेरके सायक्लेज चेतवतात. प्रत्येक ग्राहीला स्वतःचे सायक्लेज असते, तर सगळी संप्रेरके एकदम दिल्यावर परिणामांची बेरीज व्हायला हवी होती. तसे होत नव्हते. याचा अर्थ ग्राही अनेक, पण सायक्लेज सामायिक.

यकृताच्या पेशींच्या आवरणांवर प्रयोग करताना त्यांना आणखी एक धागा मिळाला. बाजारातून विकत आणलेल्या एटीपीमध्ये जीटीपी या भावंड रेणूची थोडी भेसळ असे. शुद्ध एटीपी वापरले की ग्लुकागॉनचा परिणाम मंदावे, जीटीपी घातले की तो परत येई. ग्राही आणि सायक्लेज यांच्यामध्ये जीटीपीवर चालणारे तिसरे कुणीतरी आहे, असे त्यांनी सुचवले. हे शोधनिबंध प्रसिद्ध झाले ते वर्ष होते १९७१. सदरलँड यांना नोबेल मिळाले त्याच वर्षी त्यांच्या प्रारूपातली फट दिसली होती.

सदरलँड यांची अखेरची वर्षे कशी गेली?

१९७३मध्ये त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले आणि त्याच वर्षी ते मायामी विद्यापीठात रुजू झाले. नवी प्रयोगशाळा मांडायला मात्र त्यांना पुरता वेळ मिळाला नाही. अन्ननलिकेतील रक्तस्रावामुळे ९ मार्च १९७४ रोजी त्यांचे निधन झाले. ते केवळ ५८ वर्षांचे होते. नोबेलनंतर त्यांना जेमतेम अडीच वर्षे मिळाली.

मधले प्रथिन कुणी शोधले?

हे काम पूर्ण केले आल्फ्रेड गिलमन यांनी. क्लीव्हलँडमध्ये राल यांच्या हाताखालीच त्यांची पीएचडी झाली होती. पुढे व्हर्जिनिया विद्यापीठात त्यांनी एक विशिष्ट कर्कपेशी वापरली. तिच्यात ग्राही होता, पण संप्रेरक दिले तरी सायक्लिक एएमपी तयार होत नव्हते. तिच्यात सायक्लेजच नाही, असा आधी समज होता. गिलमन आणि इलियट रॉस यांनी दुसऱ्या पेशींतला अर्क तिच्या आवरणांत मिसळला आणि १९७७मध्ये दाखवले की सायक्लेज तिच्यात आधीपासून होते. नव्हते ते मधले प्रथिन. १९८०मध्ये गिलमन यांच्या गटाने ते शुद्ध स्वरूपात वेगळे काढले. जीटीपीवर चालते म्हणून त्याला जी प्रथिन म्हणतात. रॉडबेल आणि गिलमन यांना त्यासाठी १९९४चे नोबेल मिळाले. पुढे २०१२मध्ये अशाच ग्राहींवरील संशोधनासाठी रॉबर्ट लेफ्कोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. अ‍ॅड्रेनलिनचा बीटा ग्राही जी प्रथिनाला प्रत्यक्ष धरून कसा बसतो, हे कोबिल्का यांच्या गटाने २०११मध्ये स्फटिकाच्या साहाय्याने दाखवले होते.

आज हे चित्र कसे दिसते?

ग्राही हा प्रथिनाचा एक लांब धागा असून तो पेशीच्या आवरणातून सात वेळा आरपार जातो. बाहेर अ‍ॅड्रेनलिन बसले की ग्राहीचा आकार बदलतो आणि आतल्या बाजूला एक खोबण उघडते. जी प्रथिन तिथे येऊन बसते. विश्रांतीत असताना या प्रथिनाने जीडीपी नावाचा रेणू धरून ठेवलेला असतो. ग्राहीच्या स्पर्शाने तो सुटतो आणि त्या जागी जीटीपी येते. मग जी प्रथिनाचे दोन तुकडे होतात. त्यांपैकी अल्फा हा तुकडा सायक्लेजकडे जातो आणि त्याला चालू करतो.

या रचनेचे दोन फायदे आहेत. पहिला, निरोप मोठा होतो. एक ग्राही एकामागून एक अनेक जी प्रथिने जागी करू शकतो आणि एक सायक्लेज सायक्लिक एएमपीचे असंख्य रेणू बनवते. म्हणून रक्तातले चिमूटभर संप्रेरक पुरते. दुसरा, निरोप आपोआप थांबतो. अल्फा तुकडा स्वतःच जीटीपीचे जीडीपी करतो, सायक्लेजला सोडतो आणि पूर्वपदावर येतो. संप्रेरक फार वेळ चिकटून राहिले, तर ग्राहीला फॉस्फेट जोडले जातात आणि अरेस्टिन नावाचे प्रथिन त्यावर बसून जी प्रथिनाची वाट अडवते.

माणसात या कुळातले सुमारे ८०० ग्राही आहेत. वास आणि प्रकाश ओळखण्याचे, कडू-गोड चव ओळखण्याचे कामही हेच कूळ करते. सर्वच ग्राही सायक्लेज चेतवत नाहीत. काही त्याला रोखणारे जी प्रथिन जागे करतात, काही वेगळ्याच विकराकडे निरोप नेतात.

सामान्य माणसाशी याचा काय संबंध?

सर्वांत ठळक उदाहरण कॉलऱ्याचे आहे. कलकत्त्याचे शास्त्रज्ञ शंभुनाथ डे यांनी १९५९मध्ये दाखवले की कॉलऱ्याचे जिवाणू काढून टाकलेला द्रवही आतड्यात पाणी साचवतो. म्हणजे जिवाणू एक विष सोडतात आणि रोग त्या विषामुळे होतो. हे विष नेमके काय करते, हे पुढे कळले. ते आतड्याच्या पेशीत शिरून जी प्रथिनाच्या अल्फा तुकड्यात असा बदल करते, की त्याला जीटीपी तोडताच येत नाही. निरोप थांबवणारी कळ निकामी होते. सायक्लेज चालूच राहते, सायक्लिक एएमपी साचते आणि पेशी क्षार व पाणी बाहेर फेकत राहते. रुग्ण काही तासांत कोरडा पडतो. साखर आणि मीठ एकत्र शोषून घेणारा आतड्यातला मार्ग मात्र यातही शाबूत असतो. त्याचा उपयोग करणारे साखर-मिठाचे पाणी, म्हणजेच ओआरएस, म्हणून जीव वाचवते.

दम्याच्या रुग्णाच्या पंपातील सालब्युटामॉल श्वासनलिकेच्या स्नायूंवरील बीटा ग्राहीवर बसते. तिथून जी प्रथिन, सायक्लेज, सायक्लिक एएमपी असा प्रवास होतो आणि आवळलेला स्नायू सैल पडतो. उलट, रक्तदाब आणि हृदयविकारात दिली जाणारी बीटा ब्लॉकर औषधे त्याच जातीच्या ग्राहीची जागा अडवून अ‍ॅड्रेनलिनला दूर ठेवतात. आज मान्यताप्राप्त औषधांपैकी साधारण एक तृतीयांश औषधे या कुळातील ग्राहींवर काम करतात.

सदरलँड यांच्या कामाचे मोल काय?

ग्राही आणि सायक्लेज एकाच यंत्रणेचे भाग आहेत, हा त्यांचा अंदाज पुढे टिकला नाही. पण तो तपासता आला, कारण तपासण्याची पद्धत त्यांनीच घालून दिली होती. पेशी फोडा, भाग वेगळे करा, कोणता भाग कशाला प्रतिसाद देतो ते पाहा आणि मग परत जोडून खात्री करा. रॉडबेल यांनी यकृताची आवरणे वेगळी काढून तेच केले. गिलमन यांनी एका पेशीचा अर्क दुसरीच्या आवरणांत मिसळून तेच केले. सदरलँड यांच्या प्रारूपात दुरुस्ती झाली, ती त्यांनी मोकळ्या केलेल्या वाटेनेच. संप्रेरकाचे काम अखंड पेशीबाहेर अभ्यासता येत नाही, ही समजूत मोडली नसती, तर कॉलऱ्याचे विष कोणत्या प्रथिनाला धरते, हे शोधायला सुरुवात कुठून करायची, हेच कुणाला कळले नसते.